बिल कुणाच्या नावावर आहे?

गच्चीवर सोलर बसवायचं ठरलं तेव्हा मला वाटलं होतं, पहिला प्रश्न ऊन किती पडतं हा असेल आणि दुसरा पैशांचा. पहिला प्रश्न वेगळाच निघाला. लाइट बिल कुणाच्या नावावर आहे?

आमचं दादांच्या, म्हणजे वडिलांच्या, नावावर होतं. दादा २०१९ मध्ये गेले. घरपट्टी, गॅस, बँकेचं खातं, सगळीकडची नावं आम्ही हळूहळू बदलून घेतली. लाइट बिल तेवढं राहिलं. दर महिन्याला ते यायचं, मी मोबाइलवरून भरायचो, वर छापलेलं नाव कधी वाचायचोही नाही. पुढचे तीन महिने त्या एका ओळीने खाल्ले.

मी कराडजवळ मलकापूरला राहतो, हायस्कूलवर शिकवतो. घरात आई, बायको, दोन मुलं. एप्रिल २०२५ चं बिल आलं २,८९० रुपये, २६० युनिटचं. फार मोठं घर नाही आमचं. पण शंभर युनिटच्या पुढे गेलं की दर एकदम चढतो आणि उन्हाळ्यात आम्ही शंभराच्या आत कधीच नसतो. आमच्या गल्लीत सगळ्यांचीच ही रड. गणेशोत्सवाच्या हिशेबासाठी बनवलेल्या गल्लीच्या ग्रुपवर कुणीतरी ‘पीएम सूर्य घर’ या केंद्राच्या सोलर अनुदान योजनेचा मजकूर टाकला आणि विषय निघाला.

योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. एक कोटी घरांचं उद्दिष्ट, मुदत २०२६-२७ पर्यंत. अनुदानाचं गणित सोपं आहे: पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे तीन किलोवॅटला ७८ हजार. त्यापुढे कितीही बसवा, ७८ हजारांवर रुपया जास्त मिळत नाही. ज्यांचा वापर महिन्याला दीडशे ते तीनशे युनिट आहे त्यांना दोन ते तीन किलोवॅट पुरतात, असं योजनेतच सुचवलेलं आहे. म्हणजे आम्हाला तीन.

ग्रुपवर दोन दिवस हो-नाही झालं. मग कुणीतरी म्हणालं, मान्याची वाडी बघून येऊ. पाटण तालुक्यातलं हे शंभरेक घरांचं गाव ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं. ११ मेला रविवारी दोन गाड्या करून आम्ही आठजण गेलो. घरांवर पॅनेल, पथदिवेही सोलरवर. पाहून हुरूप आला हे खरं, पण उपयोगी पडलं ते एका आजींचं बोलणं. त्या म्हणाल्या, “डिसेंबरात दुपारी गच्चीवर उभं राहून सावली कुठवर येती ते बघा. उन्हाळ्यात सगळ्यांच्याच गच्चीवर ऊन असतं.” घरी येऊन पाहिलं तर दक्षिणेला शेजारच्यांची पाण्याची टाकी. हिवाळ्यात सूर्य खाली आला की तिची सावली आमच्या गच्चीच्या कोपऱ्यावर पडणार होती. एका पॅनेलवर सावली आली तर त्याच ओळीतल्या बाकीच्यांचीही निर्मिती घसरते, हे नंतर कळलं.

मान्याच्या वाडीतच आणखी एक गोष्ट समजली होती. या योजनेत प्रत्येक घराच्या छपरामागे स्थानिक संस्थेला, म्हणजे ग्रामपंचायतीला किंवा नगरपरिषदेला, हजार रुपये प्रोत्साहन आहे. तेव्हा सरपंच किंवा नगरसेवक ओळखीचे असतील तर त्यांना गळ घालायला हरकत नाही. त्यांच्याही फायद्याचं आहे.

तर, नाव. योजनेच्या पोर्टलवर अर्ज वीज ग्राहकाच्या नावाने होतो आणि अनुदान त्याच नावाच्या बँक खात्यात जमा होतं. मृत माणसाच्या नावाचं बिल घेऊन पुढे जाता येत नाही. ३ जूनला मी नावबदलाचा अर्ज घेऊन वीज कार्यालयात गेलो. सोबत दादांचा मृत्यूचा दाखला, घरपट्टीचा उतारा, माझं आधार. तिसऱ्या दिवशी अर्ज परत आला. चूक माझीच. इतर वारसांची ना हरकत जोडलेली नव्हती.

वारस म्हणजे आई आणि पुण्याची ताई. आईने सही केली, पण सही करताना म्हणाली, “राहिलं असतं त्यांचं नाव तर काय बिघडलं असतं? पैसे तर तूच भरतोस.” मला उत्तर सुचलं नाही. ताईला फोन करणं त्याहून जड गेलं. बहिणीकडे ‘ना हरकत’ मागायची म्हटलं की आपल्याकडे घराच्या वाटणीचाच वास येतो. लाइट बिलावरचं नाव म्हणजे घराची मालकी नसते, हे मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं, तरी मी ते फोनवर तीनदा सांगितलं. ती हसली. पाचशेच्या मुद्रांकावर सही करून नोटरीसह कुरिअरने कागद पाठवला आणि एवढंच म्हणाली, “दादांच्या नावाचं शेवटचं बिल येईल ते मला पाठव.” जूनचं बिल मी तिला पाठवलं. छापील, घडी न घालता.

१७ जूनला अर्ज पुन्हा दिला. १४ जुलैच्या बिलावर माझं नाव आलं. सगळा खर्च, मुद्रांक, नोटरी, झेरॉक्स, कुरिअर धरून साडेआठशेच्या आसपास. तुम्ही सोलरचा नुसता विचार करत असाल तरी आज उठून बिलावरचं नाव, आधारवरचं नाव आणि पासबुकातलं नाव शेजारी ठेवून वाचा. आमच्या गल्लीत सहा घरांपैकी तिघांच्या नावात काही ना काही फरक निघाला. एकाचं आडनाव आधी, एकाच्या वडिलांच्या नावाचं नुसतंच आद्याक्षर. समोरच्या काकांचं तर बिल अजून ज्यांच्याकडून त्यांनी घर घेतलं त्या जुन्या मालकाच्या नावावर होतं. बावीस वर्षं! काका म्हणाले, “तुमचं चालू द्या, मी मागून येतो,” आणि बाजूला झाले.

१९ जुलैला पोर्टलवर नोंदणी केली. राज्य, वीज कंपनी, बारा आकडी ग्राहक क्रमांक, मोबाइल, ईमेल. आमच्यासाठी वीज कंपनी म्हणजे महावितरण. ताजं बिल अपलोड केलं. दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला आता वेगळी तांत्रिक तपासणी लागत नाही, तो मंजूर झाल्याचंच धरतात. माझा मंजूर भार, म्हणजे कनेक्शनवर एका वेळी जास्तीत जास्त जेवढी वीज घेता येते तो आकडा, एक किलोवॅट होता, तीन किलोवॅटचं सोलर कसं बसणार या काळजीत मी होतो. पण २०२४ च्या नियमदुरुस्तीनंतर मंजूर भारही त्याप्रमाणे वाढवून मिळतो. नोंदणीला सगळी मिळून वीस मिनिटं लागली. जूनभर जे झालं त्यानंतर ही वीस मिनिटं संशयास्पदच वाटली.

नोंदणी झाल्याच्या आठवड्यातच फोन सुरू झाले. “योजनेच्या कार्यालयातून बोलतोय, बुकिंगचे पाच हजार भरा.” असलं काही भरायचं नसतं. विक्रेता पोर्टलवरच्या नोंदणीकृत यादीत आहे का ते पाहा आणि करार होईपर्यंत कुणालाही ओटीपी देऊ नका.

१५ ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर आमच्या ओसरीवर पाच घरं बसली. तीन विक्रेत्यांची दरपत्रकं हातात होती. एक जण बाकीच्यांपेक्षा पंचवीस हजारांनी स्वस्त होता. सगळ्यांचे डोळे तिकडेच. आमच्यात एक निवृत्त अकाउंटंट आहेत, त्यांनी दरपत्रकाची मागची बाजू वाचली. पॅनेल परदेशी सेलचे. अनुदान हवं तर पॅनेल आणि त्यातले सेल दोन्ही भारतात बनलेले लागतात. विक्रेते त्याला ‘डीसीआर’ म्हणतात. म्हणजे पंचवीस हजार वाचवायला जाऊन अष्ट्याहत्तर हजार गेले असते. दरपत्रकात डीसीआर हा शब्द लिहून घ्या, तोंडी नको.

पाच घरं एकत्र म्हटल्यावर निवडलेल्या विक्रेत्याने प्रत्येकी सात हजार कमी केले. १,७९,००० चे १,७२,००० झाले, कर वेगळा. यात उंच सांगाडाही धरला होता, कारण आईची एकच अट होती: “गच्चीवर माझ्या वाळवणाला जागा राहिली पाहिजे.” खालून माणूस चालेल इतके उंच पॅनेल घेतले की जागा मोकळी राहते, असं विक्रेत्याने समजावलं. आई खूश. करारात आणखी दोन गोष्टी पाहून घेतल्या: पाच वर्षांची देखभाल विक्रेत्याकडे असणं अनुदानासाठी बंधनकारकच आहे, ते कलम; आणि इन्व्हर्टरची, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राची, हमी किती वर्षांची. पॅनेलच्या पंचवीस वर्षांच्या हमीबद्दल सगळे भरभरून बोलतात, इन्व्हर्टरचं विचारलं की आवाज बारीक होतो.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात बातमी आली, सोलरवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर, २२ सप्टेंबरपासून. त्या दिवशी घटस्थापना होती, म्हणून तारीख पक्की लक्षात राहिली. सोलरच्या बिलात सत्तर टक्के रक्कम वस्तूंची धरतात आणि तीस टक्के सेवेची. सेवेवर अठरा टक्के कायम. त्यामुळे एकूण कर १३.८ टक्क्यांवरून ८.९ वर आला. माझ्या हिशेबात १,९५,७३६ चे १,८७,३०८ झाले. विक्रेत्याला सांगून बिल २६ सप्टेंबरचं केलं. तसंही आधी मिळणार नव्हतंच, कारण कर्ज अडकलं होतं.

कर्जाचं सांगतो. तीन किलोवॅटपर्यंत दोन लाखांच्या आत विनातारण कर्ज मिळतं, व्याज रेपो दरापेक्षा (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो) अर्धा टक्का जास्त. तेव्हा रेपो साडेपाच होता, म्हणजे व्याज सहा टक्के. इतकं स्वस्त कर्ज मी जन्मात पाहिलं नव्हतं. माझं खातं असलेल्या बँकेत गेलो तर समोरच्या माणसाने मला पर्सनल लोनचं पत्रक दिलं. योजनेचं नाव घेतलं तर म्हणाले, “आमच्या शाखेला अजून काही आलेलं नाही.” दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तेच. मग ‘जनसमर्थ’ या सरकारी कर्जयोजनांच्या पोर्टलवरून अर्ज केला, शाखा तीच निवडली, आणि अर्जाचा क्रमांक घेऊन तिसऱ्यांदा गेलो. आता मात्र त्यांच्याच संगणकावर माझा अर्ज दिसत होता. २५ ऑगस्टला अर्ज, २४ सप्टेंबरला मंजुरी. दहा टक्के आपले घालायचे, माझे १८,८०८ गेले. बाकी १,६८,५०० बँकेने थेट विक्रेत्याला दिले. दहा वर्षांचा हप्ता १,८७१.

त्या महिन्याभरात मी दोनदा ‘नको ते सोलर’ म्हणालो. बायको म्हणाली, नाव बदललंच आहे तर आता होऊ दे.

दसरा झाला, पाऊस जरा थांबला. ६ ऑक्टोबरला माणसं आली. पहिल्या दिवशी सांगाडा, दुसऱ्या दिवशी सहा पॅनेल, तिसऱ्या दिवशी वायरिंग आणि अर्थिंगचे तीन खड्डे: एक पॅनेलच्या बाजूचा, एक घराच्या बाजूचा, एक आकाशातली वीज पडली तर ती जमिनीत उतरवणाऱ्या वीजरोधकाचा. तीन वेगवेगळे. एकातच तिन्ही तारा उतरवायचा बेत दिसला तर हात धरा. टाकीच्या सावलीपासून वाचायला पॅनेल दोन फूट उत्तरेला सरकवले, त्यासाठी गच्चीवरचा एक पाइप हलवावा लागला. प्लंबरचे बाराशे. विक्रेत्याचा माणूस पॅनेलसोबत माझा फोटो काढत होता, तो जागेच्या नोंदीसह पोर्टलवर चढवावा लागतो. मी शर्ट बदलून आलो, त्याला हसू आवरेना.

मग वाट. पॅनेल वर, ऊन लख्ख, आणि चालू करायची परवानगी नाही. नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि बाहेर दिलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर, बसून तपासणी होईपर्यंत बटण दाबायचं नसतं. हा काळ मनाला फार लागतो. दिवाळी आमची जुन्याच मीटरवर झाली. २९ ऑक्टोबरला मीटर बदलला, तपासणी झाली, दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी इन्व्हर्टरवर हिरवा दिवा लागला. मीटरचे वेगळे पैसे पडले नाहीत.

चौथ्या दिवशी संध्याकाळी, अजून उजेड होता, लाइट गेली. आमचीही. समोरचे काका गॅलरीतून ओरडले, “का हो, सूर्य पण गेला का?” आमच्यातल्या दोघांना हे आधी माहीतच नव्हतं. बॅटरी नसलेलं सोलर वीज गेली की आपोआप बंद होतं, कारण नाहीतर आपली वीज तारेत जाईल आणि खांबावर काम करणाऱ्याला झटका बसेल. बरोबरच आहे, पण विक्रेते हे आपणहून सांगत नाहीत. घरात जुना बॅटरी इन्व्हर्टर असेल तर विकून टाकू नका.

अनुदानाची मागणी ३ नोव्हेंबरला टाकली. त्यासाठी पोर्टलवर बँकेचा तपशील आणि रद्द केलेल्या चेकचा फोटो लागतो. माझा फोटो अंधुक निघाला, परत आला. शाळेत मुलांना ‘अक्षर नीट काढा’ सांगणारा मी. १२ नोव्हेंबरला उजेडात नवा फोटो काढून टाकला आणि ९ डिसेंबरला ७८ हजार जमा झाले. तेच पैसे मी कर्जात भरले. इथे एक गोष्ट करा: बँकेला लेखी सांगा की हप्ता तेवढाच ठेवून मुदत कमी करा. उरलेलं कर्ज नव्वद हजारांच्या आसपास, ते साधारण साडेचार वर्षांत फिटेल. आधी बिल २,८९० जायचं, आता हप्ता १,८७१ जातो.

पहिलं पूर्ण महिन्याचं बिल डिसेंबरमध्ये आलं. दीडशे रुपये. स्थिर आकार आणि त्यावरचं वीज शुल्क. युनिट शून्य झाले तरी हे सुटत नाहीत, तेव्हा ‘मोफत वीज’ या शब्दांवर फार विसंबू नका. गल्लीत पहिल्या बिलावरून एक गोंधळ मात्र झाला. शेजारी तावातावाने आले, “अॅपवर निर्मिती ३४० युनिट आणि बिलात निर्यात २१५ च! सव्वाशे युनिट गेले कुठे?” ते सव्वाशे दिवसा त्यांच्याच फ्रिजने, मोटरने, मिक्सरने खाल्ले होते. मीटरला फक्त बाहेर गेलेले आणि बाहेरून आलेले युनिट दिसतात. घरच्या घरी वापरलेले त्याला कळतच नाहीत.

शिल्लक युनिट पुढच्या महिन्यात ओढले जातात, पण ३१ मार्चला खातं बंद होतं. तोवर उरलेल्या युनिटचे पैसे मिळतात, मात्र आपण ज्या दराने वीज घेतो त्याच्या मानाने दर बराच कमी. म्हणून गरजेपेक्षा मोठं सोलर बसवून वीज विकायची स्वप्नं पाहू नका. आमच्यातल्या एकाने पाच किलोवॅट घेतलं. वरच्या दोन किलोवॅटला अनुदान शून्य, आणि आता ते सगळ्यांना आग्रहाने सांगतात की तुमच्या इस्त्रीचे कपडे आमच्याकडे आणा.

आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशींनी एक दिवस विचारलं, “आमच्या पत्र्यावर बसंल का?” बसतं. त्यांचा वापर महिन्याला शंभर युनिटच्या आत. अशा घरांसाठी राज्याने २०२५ मध्ये ‘स्मार्ट’ नावाची वेगळी योजना आणली. एक किलोवॅटला केंद्राचे ३० हजार आणि त्यावर राज्याचे: दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला १७,५००, इतरांना दहा हजार, अनुसूचित जाती-जमातींना पंधरा हजार. मावशींचं बिल मागवून घेतलं. वर नाव त्यांच्या सासऱ्यांचं. आता त्यांच्या तीन दिरांच्या सह्या गोळा करायचं काम चालू आहे, दोघांच्या झाल्या.

फेब्रुवारी लागला, वाळवणाचे दिवस आले. आई पापडांचं परातभर पीठ मळून, जुनी लुगडी घेऊन वर गेली आणि पाच मिनिटांत खाली आली. उंच सांगाड्याखाली जागा भरपूर होती, अगदी ठरल्याप्रमाणे. फक्त तिथे सावली होती. दरपत्रकं वाचणारे अकाउंटंट, विक्रेत्याचे इंजिनिअर, मी, इतक्या जणांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं की पापड सावलीत वाळत नाहीत.

आता रोज सकाळी आई लुगडी घेऊन समोरच्या काकांच्या गच्चीवर जाते. काकांच्या बिलावर मागच्या महिन्यात त्यांचं नाव लागलं आणि त्यांनी पोर्टलवर नोंदणीही केली. आईला अजून सांगितलेलं नाही.